एका वाक्याची साक्ष

थॉर्नडेल, मॅसॅच्युसेट्स
गुरुवार, ६ मार्च १८५१

चि. जोथम यास हिटीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. प्रवास नीट झाला, घसा धरला नाही आणि पहिल्याच सभेला लोकांना उभं राहायलाही जागा उरली नाही, हे वाचून बरं वाटलं. इकडे गाय व्याली, कालवड झाली. मेपलच्या झाडांना साखरेच्या रसासाठी भोकं पाडून बादल्या लावल्यात. थंडी हटायला तयार नाही. तुझे तागाचे सदरे मात्र इतक्यात मिळणार नाहीत. ते शिवत होती ती केझाया काल पकडली गेली.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. हात धजला नाही.

काल दुपारी खोगीरवाल्या हॉब्जच्या दुकानावरच्या आपल्या खोलीत ती तुझ्याच सदऱ्याची कॉलर लावत बसली होती. तिघे जण जिना चढून वर आले. म्हणाले, हॉटेलातले चांदीचे चमचे चोरीला गेलेत, तुझ्यावर संशय आहे. हॉब्ज खाली चामडं कापत होता, त्याने सगळं ऐकलं. केझाया म्हणाली, "तुमच्या हॉटेलात काळ्या बाईला मागच्या दारानेसुद्धा घेत नाहीत. मी चमच्यापर्यंत पोचले कशी, तेवढं तरी सांगा!" कोण सांगतोय? तिला गाडीत घातली आणि गाव मागे पडल्यावर खरा कागद बाहेर काढला. व्हर्जिनियात कोणी टॉलिव्हर नावाचा तंबाखूचा मळेवाला आहे. तो म्हणतो, ही माझी पळालेली बाई, मला परत द्या.

मी तशीच उठून पेल्हम वकिलाकडे गेले. तुला तो आवडत नाही, माहीत आहे. पण कोर्टकचेऱ्यांची पायरी चढणारा आपल्या ओळखीचा तेवढा एकच आहे. पळालेल्या गुलामांना धरून परत द्यायचा जो नवा कायदा झालाय, तो त्याने मला समजावून सांगितला. केझायाला स्वतःला तोंड उघडायची परवानगी नाही. पंच नाहीत, ज्यूरी नाही. सरकारने नेमलेला एकटा कमिशनर कागद बघणार, साक्षीदार ऐकणार आणि सही करणार. मी म्हटलं, "म्हणजे संपलंच की." तर पेल्हम टेबलावर बोट आपटत म्हणाला, "नाही ना संपलं! मिस थॅक्स्टर, त्या गाढवांनी तारीख चुकवलीय."

टॉलिव्हरच्या कागदात शपथेवर लिहिलंय की केझाया सप्टेंबरच्या वीस तारखेला मळ्यावरून पळाली. मालक गावाला गेलेला असणार, मुकादमाने भीतीपोटी बातमी उशिरा दिली असणार. कसं का असेना, कागदावर वीस सप्टेंबर आहे. त्याआधी केझाया मॅसॅच्युसेट्समध्ये होती एवढं कोणी गोऱ्या माणसाने शपथेवर सांगितलं, तर कायद्याच्या लेखी ती टॉलिव्हरची बाई नव्हेच. तिला सोडावंच लागेल.

आणि ती इथे होती. ऑगस्ट संपता संपता ती आपल्या मागच्या खोलीत आली. मी तेव्हा व्हरमाँटला आजारी प्रूडन्समावशीच्या उशाशी होते. पळालेल्यांना धरणारे आसपास हिंडत होते म्हणून तू तिला महिनाभर लपवून ठेवलंस आणि गावाला वास लागू दिला नाहीस. ते शहाणपणाचंच केलंस. पण त्यामुळे आज साक्षीदार एकच आहे. तो तिकडे न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीविरुद्ध व्याख्यानं देत फिरतोय.

जोथम, तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. जे सरकार गुलामगिरी सांभाळतं ते आपलं सरकार नाही. म्हणून तू मत देत नाहीस, ज्यूरीवर बसत नाहीस, कोर्टाच्या दारात उभा राहत नाहीस. दहा वर्षं ऐकतेय. पटलं म्हणून तर गुलामांनी पिकवलेला कापूस घरात शिरू देत नाही, ऊस नाही, तांदूळ नाही. मेपलची साखर आणि अंगाला टोचणारा ताग. कधी कुरकुर केली? (सरकारचं टपाल मात्र तू रोज वापरतोस, पण ते एक असो.)

एवढ्या वेळी ये. पुढच्या शुक्रवारी, चौदाला सुनावणी आहे. एकच वाक्य बोलायचंय: "ही बाई ऑगस्टअखेर माझ्या घरी होती." खोटं सांग असं म्हणत नाही मी. खरं आहे तेच सांग. यायला जमत नसेल तर तिथल्याच एखाद्या नोटरीसमोर लिहून दे आणि पाठव. पेल्हम म्हणतो, तेवढंही चालेल. त्याने तुला तारही केलीय.

सकाळची गाडी धर रे बाबा. मी पाया पडते असं समज.

तुझी,
हिटीताई

*

मेरिडिथ कॉर्नर्स, न्यूयॉर्क
सोमवार, १० मार्च

प्रिय ताई,

सादर नमस्कार. तुझं पत्र आणि पेल्हमची तार दोन्ही मिळाली. दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. केझायासाठी मी किती रडलो हे या घरच्या मंडळींना विचार. काल सभेत मी तिची हकीकत सांगितली. सगळं सभागृह हुंदके देत होतं.

पण मी येणार नाही. नोटरीपुढेही लिहून देणार नाही. शांतपणे वाच, लगेच कपाळाला हात लावू नकोस.

माणसाचं स्वातंत्र्य त्याला कोण देतं? सरकार देत नाही. सरकारने दिलं म्हटलं की सरकारला ते काढूनही घेता येतं. देवाने केझायाला जन्मतःच मोकळं केलंय. तो कमिशनर तिला सोडणारा कोण? त्याच्यापुढे जाऊन "हिला सोडा" म्हणायचं, म्हणजे त्याला धरून ठेवायचाही हक्क आहे हे आधी कबूल करायचं. दरोडेखोराने घर लुटलं आणि त्यालाच न्यायाधीश म्हणून बसवलं, तर त्याच्यापुढे आपण साक्षीला उभं राहावं का?

आणि ती तारीख! ताई, तारखेचा विचार तू केलास का? मी म्हणणार, ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे होती. म्हणजे मी काय म्हणालो? ती ऑक्टोबरात आली असती तर खुशाल टॉलिव्हरची होती, असंच ना? मुकादमाची चूक झाली म्हणून ही बाई माणूस ठरणार, आणि जिच्या कागदात तारीख बरोबर असेल ती जनावर? माझ्या एका वाक्याने एक केझाया सुटेल आणि तीस लाख माणसांच्या कागदांवर माझ्या हाताने शिक्का बसेल. पेल्हमला हे दिसणार नाही, तो वकील आहे. तुला दिसावं. तुला मी घडवलंय असं म्हणत नाही, पण आपण दोघं एका दिव्याखाली वाचत आलो.

मी खरं बोलायला भितो असं नाही. मी कमिशनरच्या त्या खुर्चीला आधार द्यायला भितो. आज प्रेमापोटी एकदा टेकू दिला, उद्या दयेपोटी देईन, आणि माझ्यासारखे हजार लोक असेच टेकू देत राहिले म्हणून तर ती खुर्ची अजून उभी आहे. आपण सगळ्यांनी हात काढून घेतला तर ती एका दिवसात कोसळेल. हे कोणीतरी अंगावर दुःख घेऊन सुरू करायला नको का?

वाईटात वाईट झालंच, तरी ते वाया जाणार नाही. आपण दहा वर्षं गावोगाव ओरडून जे झालं नाही ते तिच्या साखळ्यांच्या आवाजाने होईल. म्हणून तुला एक काम सांगतो. सगळं टिपून ठेव. ती काय नेसली होती, हाताला बेड्या होत्या का, रडली का, शेवटचं काय बोलली, जमलेल्यांचे चेहरे कसे होते. बारीकसारीक लिहून पाठव. महिनाअखेर मोठी परिषद आहे, तिथे मी तिच्यावरच बोलणार आहे.

तू स्वतः मात्र त्या कचेरीत पाऊल टाकू नकोस. आपल्या गुलामगिरीविरोधी मंडळातल्या सगळ्यांना तेच सांग. बाहेर उभे राहा, प्रार्थना करा, पण आत जाऊ नका.

सदऱ्यांची घाई नाही. मेपलची साखर झाली तर थोडी पाठव. इथल्या यजमानीणबाई मोठ्या मनाच्या आहेत पण चहात उसाचीच साखर घालतात, म्हणून मी बिनसाखरेचा पितो.

तुझा,
जोथम

*

थॉर्नडेल
रविवार, २३ मार्च १८५१

चि. जोथम,

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

साखर झाली. यंदा रंग काळपट आलाय. कालवडीला दूध पाजायला फार खटपट करावी लागते, आई तिला लाथा मारते. हॉब्जने केझायाच्या खोलीतलं सामान आपल्याकडे आणून टाकलं. त्यात तुझे दोन्ही सदरे होते, एकाला कॉलर अर्धीच लागलेली. मी ती उसवून पुन्हा लावायला बसले होते. मग म्हटलं, कशाला? राहू दे तशीच.

तू बारीकसारीक लिहायला सांगितलंस. आज रविवार आहे, घंटा वाजून गेली, सगळे चर्चमध्ये आहेत. मी घरी आहे. का, ते पुढे कळेल. म्हणून निवांत लिहिते.

तुझं पत्र आलं तसं मी ते पेल्हमला नेऊन दाखवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाला, "मिस थॅक्स्टर, यात तर्काची एक चूक काढून दाखवा म्हणाल तर मला जमणार नाही. पण असं पत्र लिहिणारा माणूस माझ्या शेजारी राहायला आला तर मी घर बदलीन." मला राग यायला हवा होता. नाही आला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तुरुंगात केझायाला भेटायला दिलं. मी तिला ब्राऊन ब्रेड आणि बीन्स नेले होते. ती खाताना मी सांगितलं, जोथम येत नाहीये. वाटलं, घास टाकून देईल. ती हसली रे. म्हणाली, "वाटलंच होतं मला. तुमच्या मागच्या खोलीत होते तेव्हा रोज संध्याकाळी साहेब भाषण करायचे. ऐकणारी मी एकटी! मी म्हणायची, साहेब, जरा हळू. धरायला आलेले रस्त्यावरून ऐकतील. त्यांचा आवाज काही खाली यायचा नाही."

मग तिने ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. "ताई, टॉलिव्हर मला घरी नेऊन ठेवणार नाही. पळालेलं माणूस कोणी घरात ठेवत नाही. तो मला खाली लुइझियानात विकणार, उसाच्या मळ्यावर. तिथे माणूस फार टिकत नाही." असं म्हणाली, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "आणि साहेब एक वाक्यसुद्धा बोलणार नाहीत?" मी म्हटलं, त्यांचं तत्त्व आहे. ती म्हणाली, "असेल बाई. ते तागाचे सदरेही त्यांचं तत्त्वच होतं. शिवताना सुई मोडायची माझी."

शुक्रवारी काउंटीच्या मुख्य गावी कचेरीत गेलो. रस्त्यात घोट्याएवढा चिखल. तुझं मंडळ झाडून हजर होतं. तू सांगितल्याप्रमाणे कोणी आत आलं नाही. बाहेर चिखलात उभे राहून स्तोत्रं म्हणत होते. लव्हिना टफ्ट्सचा आवाज काय सुरेख लागला होता! आत त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. आत टॉलिव्हरचा मुकादम, त्याचे दोन वकील, सरकारी मार्शलची माणसं, गावातले रिकामटेकडे आणि आपला पोस्टमास्तर एनॉस क्रॉकर, जो नुसता बघायला आला होता. केझायाच्या बाजूने पेल्हम आणि मी. बाकी सगळी बाकडी त्यांची. चांगली माणसं बाहेर ठेवायची ही युक्ती टॉलिव्हरलाही सुचली नसती.

काय नेसली होती, विचारलंस ना? माझी करडी लोकरीची शाल होती तिच्या अंगावर. बेड्या होत्या.

मुकादमाने सांगितलं, हीच ती. कागद वाचला गेला, वीस सप्टेंबर. कमिशनर काही राक्षस नव्हता. दात दुखत असावा, गालाला सारखा हात लावत होता. त्याने पेल्हमला विचारलं, "ही त्या तारखेच्या आधी इथे होती असं तुमचं म्हणणं आहे, तर साक्षीदार कुठाय?"

मग एका बाईने साक्ष दिली. वयस्क, गावात चांगलं नाव असलेली. तिने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. म्हणाली, ऑगस्टच्या शेवटी ही बाई आमच्या घरी आली, मागच्या खोलीत राहिली. आम्ही दोघींनी मिळून सफरचंदं कापली आणि वाळत घातली. तिला काप फार जाड पडायचे, मी रागवायची. सगळं इतकं नीट सांगितलं की कमिशनरने गालावरचा हात काढला आणि लिहायला लागला. पेल्हमचे कान लाल झाले. मुकादम आणि मागोमाग गावातला एक रिकामटेकडा मालकाच्या वकिलाच्या कानाला लागले. आणि केझाया त्या बाईकडे अशी बघत होती, जशी काही पहिल्यांदाच बघतेय.

त्या बाईला तू ओळखतोस. तुझं धुणं तीच धुते.

हो, मी. तू दहा वेळा वाचलंस तरी तेच लिहिलेलं असेल. पेल्हमला मी सकाळी सांगितलं होतं की व्हरमाँटहून मी लवकर परतले होते, तुला लिहायचं राहिलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं." पुढे काही विचारलं नाही. शहाणा माणूस आहे.

जोथम, थोडा वेळ ती सुटली होती. खरंच सांगते. मी बोलत होते आणि मला ती सफरचंदं दिसत होती, ओसरीवर पसरलेली. खोटं बोलताना जीभ अडखळते असं लहानपणी आपल्याला सांगायचे. माझी एकदाही अडखळली नाही.

मग टॉलिव्हरचा वकील उठला. तरुण, गोड बोलणारा. त्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मग म्हणाला, "आपल्या मावशी वारल्याचं ऐकलं, वाईट वाटलं. केव्हा गेल्या?"

मी म्हटलं, सप्टेंबरात.

"म्हणजे तेव्हा आपण व्हरमाँटला होतात?"

"नव्हते. घरी होते."

"मावशीच्या मातीलाही गेला नाहीत?"

जोथम, मावशीचे डोळे मी या हाताने मिटले. तिला मी न्हाऊ घातलं, तिच्या शवपेटीत तिचा पांढरा रुमाल मी ठेवला. आणि मी भर कचेरीत म्हटलं, "नाही. नाही गेले."

त्याने वळून एनॉस क्रॉकरला बोलावलं. एनॉस उठेना. मार्शलच्या माणसाने दंडाला धरून आणला. एनॉसचं तोंड बघवत नव्हतं. त्याने बायबलवर हात ठेवला आणि विचारलं तेवढं सगळं सांगितलं. मिस थॅक्स्टर उन्हाळ्यात व्हरमाँटला गेल्या. टपालगाडी माझ्याच दारात थांबते, त्या ऑक्टोबरात उतरल्या, अंगावर काळे कपडे होते. मधल्या काळात त्यांच्या भावाची पत्रं दर आठवड्याला व्हरमाँटला जात होती, मीच पिशवीत घातली. भाऊ सरकार मानत नाही, पण पत्रं वेळेवर टाकतो, हेही सांगितलं. लोक हसले.

त्यानंतर काय उरलं? कमिशनरने पेन खाली ठेवलं. खोटा साक्षीदार आणला म्हणजे खरा नाहीच, असं त्याने ठरवलं. का नाही ठरवणार? सही झाली. पेल्हम म्हणतो, तुम्ही उभ्या राहिला नसता तरी हेच झालं असतं, साक्षीदार नव्हताच. मला बरं वाटावं म्हणून म्हणतो. नाही वाटत बरं. मी जरा हुशारीने खोटं बोलले असते, मावशीच्या मातीला गेले आणि दुसऱ्या दिवशी परतले असं काहीतरी, तर? जेवताना, भांडी घासताना, मनातल्या मनात मी तीच साक्ष पुन्हा पुन्हा देत असते.

बाहेर एनॉस मला आडवा आला. रडत होता. "हिटी, आपण एका बाकावर शिकलो. तो कायदा मलाही नको आहे. पण बायबलवर हात ठेवून मी दुसरं काय सांगणार होतो?"

"मी सांगितलं तेच सांगायचं होतंस," म्हटलं मी, आणि पुढे गेले.

केझायाला गाडीत घालण्याआधी पेल्हमने कसंबसं मला तिच्याजवळ नेलं. मी तिच्या अंगावरची शाल सारखी केली. तीच बोलली. "ताई, खोटं बोलायचंच होतं तर आधी मला विचारायचं. मी शिकवलं असतं की. जन्मभर दुसरं काय केलंय?" मी रडायला लागले तसा तिने बेडी घातलेल्या हातांनी माझा हात धरला. "रडू नका. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. त्यांना माझ्यासाठी खरंही बोलवलं नाही."

ती रडली का, विचारलंस. नाही रडली. बाकीचं जे बोलली ते मी तुला देणार नाही. फक्त एक निरोप आहे तो पोचवते, कारण तो तुझ्यासाठी आहे. "साहेबांना सांगा, सभेत माझं नाव घ्यायचं नाही. माझी हकीकत सांगायची नाही. तेवढी एक तरी माझ्याकडे राहू दे."

गाडी निघाली तेव्हा तुझं मंडळ शेवटचं कडवं म्हणत होतं.

आता माझं. चर्चमधून तू बाहेर पडलास तरी मी पडले नव्हते. परवा पाद्री आणि दोन वडीलधारे घरी आले. शपथेवर खोटं बोलले म्हणून चर्चच्या यादीतून माझं नाव काढून टाकलं. ते जाऊन चुलीवरचं पाणी उकळलंही नव्हतं, तर लव्हिना टफ्ट्स आली. तुझ्या मंडळाने ठराव केलाय. मला वाटलं, चला, निदान हे तरी सांत्वनाला आले. ठराव असा की मेहिटेबल थॅक्स्टर यांनी, म्हणजे मी, गुलामगिरीच्या सरकारपुढे शपथ घेऊन त्याला मान्यता दिली, याचा मंडळाला खेद होतो. मी म्हटलं, "लव्हिना, मी खोटं बोलले त्याचं काय?" ती गोंधळली. म्हणाली, "त्याबद्दल चर्चा झाली नाही."

चर्चला माझं खोटं दिसलं, मंडळाला माझी शपथ दिसली. केझाया कोणालाच दिसली नाही. मी दार लावून घेतलं आणि मोठ्याने हसले. शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

खोट्या शपथेबद्दल माझ्यावर खटला होणार आहे. पेल्हम म्हणतो, वयामुळे आठवणीत गोंधळ झाला असं सांगा, सुटाल. मी नाही सांगणार. आठवणीला माझ्या काही झालेलं नाही. तुला साक्षीला बोलावतील, मी व्हरमाँटला होते हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? येऊ नकोस. आता माझ्यासाठी तुझं तत्त्व मोडलंस तर मी तुला कधीच क्षमा करणार नाही. ती आजही करत नाही, पण निदान तशी धडपड करून बघते.

तुझं सगळं पत्र मी पुन्हा वाचलं. सरकार वाईट आहे, बरोबर आहे तुझं. स्वातंत्र्य देवाने दिलंय, तेही बरोबर. ती खुर्ची कोसळायला हवी, शंभर वेळा बरोबर. तू तीस लाखांचा हिशोब केलास. मला तीस लाख डोळ्यांपुढे आणता येत नाहीत रे, मी अडाणी असेन. मला एकीचा हात दिसत होता, आणि तो सोडवायला तुझं एक खरं वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तू स्वच्छ धुऊन घडी घालून स्वतःपाशी ठेवलंस. तुझे हात स्वच्छ आहेत, जोथम. मला ते आता बघवत नाहीत.

घर बाबांनी दोघांच्या नावावर ठेवलंय, तेव्हा येऊ नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही. तू येशील तेव्हा मी नसेन, किल्ली हॉब्जकडे ठेवीन. कालवडीला हाताने पाजावं लागतं.

परिषदेत बोल, तुझा घसा चांगला राहो. केझायाचं नाव मात्र घ्यायचं नाही. लोकांना रडवायला एखादं नाव लागणारच असेल तर माझं घे. त्यांना सांग की माझ्या घरात एक बाई आहे,

मेहिटेबल थॅक्स्टर,
जी बायबलवर हात ठेवून खोटं बोलली,
आणि जिला दुःख एवढंच आहे की ते पचलं नाही.